जरा, रसायन आणि नागार्जुनाची कथा : वार्धक्यनिवारणाच्या कल्पनेचा पूर्व विदर्भाच्या संदर्भात विचार

वैद्यकशास्त्राच्या साहाय्याने मनुष्याचे वार्धक्य लांबविता येईल काय, हा प्रश्न आज प्रयोगशाळांतून विचारला जात असला तरी तो नवा नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात आणि त्याला लागून असलेल्या प्राचीन कोसल देशात तो किमान तेरा-चौदा शतकांपूर्वी विचारला गेला होता. विशेष असे की तेथे त्याचे केवळ वैद्यकीय उत्तर शोधले गेले नाही; ते उत्तर सापडल्यास पुढे काय होईल, याचाही विचार कथारूपाने झाला. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याच्या पूर्वेस छत्तीसगढ, म्हणजे जुन्या दक्षिण कोसलाचा प्रदेश, आणि पश्चिमेस नागार्जुनाच्या नावाची टेकडी मिरविणारे रामटेक आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात उभे राहून वार्धक्याच्या प्रश्नाकडे पाहिले असता काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसू लागतात.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट आहे, कारण वार्धक्यासंबंधीच्या भारतीय कल्पना शब्दांत जितक्या स्वच्छ टिकल्या आहेत तितक्या ग्रंथांतही टिकलेल्या नाहीत. संस्कृतात म्हातारपणासाठी दोन प्रमुख शब्दकुले आहेत. ‘वृद्ध’ हा शब्द ‘वाढणे’ या अर्थाच्या ‘वृध्’ धातूपासून आला. वृद्ध म्हणजे जो वाढला तो. ‘जरा’ हा शब्द मात्र ‘जॄ’ धातूपासून आला असून त्याचा अर्थ झिजणे, जुने होणे असा आहे. याच धातूपासून ‘जीर्ण’ झाला, आणि पचलेल्या अन्नालाही ‘जीर्ण’च म्हणतात, मराठीतील ‘अजीर्ण’ हा त्याचाच निषेध. काळ देहाला पचवितो, ही कल्पना त्या एका धातूत दडलेली आहे. एका कुलात वय म्हणजे संचय, दुसऱ्यात वय म्हणजे क्षय.

मराठीने यांपैकी कोणता मार्ग स्वीकारला? ‘म्हातारा’ हा शब्द ‘महत्तर’ या शब्दापासून व्युत्पन्न झाला आहे. प्राचीन ताम्रपटांत ‘महत्तर’ म्हणजे गावचा मान्यवर, ज्याच्या साक्षीने दानाची जमीन मोजली जाई असा पुरुष. कोकणातील ‘म्हात्रे’ हे आडनाव त्याच घराण्यातले. उलटपक्षी बौद्ध संघातील ज्येष्ठाचे ‘स्थविर’ हे बिरुद प्राकृतात ‘थेर’ झाले आणि मराठीत येईतो ‘थेरडा’ बनून शिवीच्या पायरीवर उतरले. एक सन्मानदर्शक शब्द सामान्य झाला, दुसरा तिरस्कारवाचक. झाडीपट्टीत आणि एकूणच विदर्भात ‘बुढा’, ‘बुढी’ हे ‘वृद्ध’ कुलातील शब्द चालतात. सीमेपलीकडील छत्तीसगढीत वडीलधाऱ्याला ‘सियान’ म्हणतात, ज्यात शहाणपणाचा अर्थ आहे. अर्थात शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजाचे आचरण ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘महत्तर’ म्हटल्याने कोणाच्याही घरी म्हाताऱ्याला अधिक भाकरी मिळाली असे सिद्ध होत नाही. तथापि जरेवर इलाज करावयाचा की तिला मान द्यावयाचा, हे द्वंद्व भाषेत फार पूर्वीपासून आहे, एवढे निश्चित.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायनतंत्र हे एक स्वतंत्र अंग मानले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा प्रारंभ ज्वराने वा अतिसाराने होत नाही, तर रसायनाच्या अध्यायाने होतो. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात औषधिवर्गांची जी यादी आहे तीत ‘वयःस्थापन’ नावाचा दहा वनस्पतींचा एक वर्ग येतो. हा शब्द अत्यंत काटेकोर आहे. त्यात वय मागे नेण्याची प्रतिज्ञा नाही. वय आहे तेथे धरून ठेवण्याची आहे. आजचे शास्त्रज्ञ वार्धक्याची गती मंद करणे आणि वार्धक्य उलटविणे असा जो भेद करतात, तो ‘वयःस्थापन’ आणि अलीकडे रूढ झालेला ‘कायाकल्प’ या दोन शब्दांत सहज मांडता येतो.

परंतु त्याच चरकसंहितेच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे की काळाच्या परिणामाने येणारी जरा आणि मृत्यू ही स्वाभाविक असून स्वभावावर प्रतिकार नाही. एका स्थानी रसायनाने जरा जिंकता येते असे म्हणावयाचे आणि दुसऱ्या स्थानी तिच्यावर उपाय नाही असे म्हणावयाचे, ही विसंगती जुन्या टीकाकारांनाही जाणवली आणि तिचा मेळ घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला. सुश्रुताने मात्र अधिक व्यवहारी वाट काढली. भूक, तहान, निद्रा, जरा आणि मृत्यू या स्वभावाने येणाऱ्या गोष्टींचे त्याने दोन भाग केले : योग्य रक्षण करूनही येतात त्या काळकृत, आणि रक्षण न केल्याने येतात त्या अकाळकृत. अकाली वार्धक्य रोखता येते, कालप्राप्त वार्धक्य रोखता येत नाही, असा याचा सरळ अर्थ. आधुनिक वैद्यकाने गेल्या शंभर वर्षांत जे साधले ते बव्हंशी सुश्रुताच्या दुसऱ्या कोटीतले आहे. आणि आज जे साधू पाहत आहे ते पहिल्या कोटीतले. हा भेद पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवा.

चरकाने रसायनसेवनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. कुटीप्रावेशिक प्रकारात मनुष्याने मुद्दाम बांधलेल्या, एकात एक अशा गर्भागारांच्या कुटीत राहावयाचे. वातातपिक प्रकारात वारा-ऊन घेत, नेहमीचा व्यवहार करीत औषध घ्यावयाचे. पहिला प्रकार श्रेष्ठ, परंतु तो ज्यांना सामर्थ्य, सवड आणि साधनसामग्री आहे त्यांच्यासाठीच आहे, असे ग्रंथकार स्पष्टपणे बजावतो. दीर्घायुष्याचे औषध निघाले तर ते कोणास परवडणार, हा आज सर्वत्र विचारला जाणारा प्रश्न चरकाने विचारला नाही; त्याने तो आधीच सुटला आहे असे धरून दोन दर लावून टाकले.

या औषधांचा कच्चा माल कोठला? हिरडा, बेहडा, आवळा आणि भल्लातक, म्हणजे बिब्बा. पूर्व विदर्भाच्या अरण्यांशी परिचय असणाऱ्यास ही नावे परकी नाहीत. रसायनाध्यायाच्या दुसऱ्या पादात बिब्ब्याचे अनेक कल्प दिलेले आहेत. बिब्ब्याचे तेल कातडीवर पडले तर फोड उठतात. परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत. जे द्रव्य त्वचा जाळते तेच तारुण्य राखते, असे मानण्यास वैद्याजवळ धैर्य पाहिजे आणि रोग्याजवळ त्याहून अधिक. हा माल गोळा करणारे हात मात्र कुटीत प्रवेश करणाऱ्यांचे नव्हते.

आता नागार्जुनाकडे वळता येईल. चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग सुमारे इ. स. ६३९ मध्ये कलिंगाकडून कोसल देशात आला. त्या देशाच्या वर्णनात त्याने एक हकीकत नोंदविली आहे. राजधानीजवळच्या विहारात पूर्वी नागार्जुन बोधिसत्त्व राहत असे आणि सातवाहन राजा त्याचा मोठा आदर करी. नागार्जुनाला औषधे सिद्ध करण्याची विद्या अवगत होती. एका गुटिकेच्या सेवनाने तो शेकडो वर्षे जगला आणि त्याचे मन वा रूप क्षीण झाले नाही. राजालाही ते औषध मिळालेले होते. राजपुत्राने आईला विचारले, मी राज्यावर केव्हा बसणार? आईने सांगितले की नागार्जुन जिवंत आहे तोवर राजाचे आयुष्य संपणार नाही. तो दानशूर आहे, त्याच्याकडे त्याचे मस्तकच माग. राजपुत्राने तसे केले. नागार्जुनाने वाळलेल्या गवताच्या पात्याने आपला गळा कापला, आणि ते वृत्त ऐकताच राजानेही प्राण सोडला.

ही कोसलाची राजधानी कोठली, याविषयी मतभेद आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राचीन भूगोलावरील ग्रंथात चांद्याचा पक्ष घेतला. वैरागड आणि भांदक यांचीही नावे पुढे आली. नंतरच्या अनेक अभ्यासकांचा कल छत्तीसगढातील सिरपूरकडे आहे. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी वैनगंगेचा प्रदेश त्या वर्तुळाच्या आत किंवा अगदी काठावर येतो. वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी केलेल्या उत्खननात स्तूपाचे अवशेष उजेडात आले, तेव्हा या खोऱ्यात बौद्ध संघाची वस्ती फार जुनी होती याविषयी शंका उरली नाही. मात्र एवढ्यावरून रसविद्येचा नागार्जुन येथलाच होता असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. शून्यवादाचा प्रवर्तक, सुश्रुताचा प्रतिसंस्कर्ता आणि पाऱ्याचे संस्कार सांगणारा सिद्ध हे तिघे एक नव्हेत, हे कालगणनेवरूनच उघड आहे. अल्-बीरूनी याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘रसायन’ या विद्येचा उल्लेख करून तिची थट्टा केली. त्याने सांगितलेला नागार्जुन तर सोमनाथाजवळचा आणि त्याच्या काळापूर्वी अवघ्या शंभरेक वर्षांचा. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात ही सर्व सामग्री एकत्र आणली, तरी गुंता पुरता सुटला नाही. नाव एक आणि पुरुष अनेक, अशी ही अवस्था आहे.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व पुरुषाला नाही, कथेला आहे. ह्युएन-त्संगाच्याच शतकात बाणाने हर्षचरितात नागार्जुनाने सातवाहनाला विषहारक एकावली दिल्याचे सांगितले आहे. म्हणजे राजा आणि वैद्य यांच्या या मैत्रीची दंतकथा तेव्हा सर्वश्रुत होती. चारशे वर्षांनी सोमदेवाने कथासरित्सागरात तीच कथा अधिक विस्ताराने दिली. तेथे राजाचे नावच चिरायु आहे. नागार्जुन त्याचा मंत्री. रसायनाने दोघेही जरामुक्त झालेले. पुढे नागार्जुनाचा एक बालक मरण पावतो आणि त्या शोकाने तो सर्वच मर्त्यांसाठी अमृत सिद्ध करावयास घेतो. एकच औषधी घालावयाची उरली असता इंद्र अश्विनीकुमारांना पाठवून त्याला थांबवितो. देव आणि मनुष्य यांत मग भेद काय राहील, हा त्याचा आक्षेप. नागार्जुन थांबतो. राजपुत्राचे नाव जीवहर. त्याची आई धनपरा त्याला सांगते की तुझ्या आधी कितीतरी राजपुत्र युवराज झाले आणि सिंहासन न पाहताच मेले. येथेही मस्तक मागितले जाते. परंतु रसायनाने दृढ झालेल्या मानेवर तरवारी मोडतात, तेव्हा नागार्जुन स्वतःच पात्याला चूर्ण लावून देतो.

या कथेत तीन वेगवेगळ्या शंका आहेत. पहिली इंद्राची : मृत्यू गेला तर सृष्टीची व्यवस्था कोसळेल. ही शंका सर्व देशांच्या पुराणांत आढळते आणि तीत विशेष काही नाही. दुसरी अधिक बोचरी आहे. नागार्जुनाजवळ औषध असूनही त्याचे मूल मेले. जरेवरचा इलाज बालमृत्यूच्या कामी येत नाही, हे सोमदेवाच्या लक्षात आले होते. तिसरी शंका युवराजांची. बाप म्हातारा होत नाही म्हणून मुलगे वाट पाहत म्हातारे होतात आणि मरतात. राजाने औषध घेतले, मुलांना दिले नाही. सोमदेव हे मुद्दाम सांगत नाही, परंतु कथेचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. आज ज्या देशांत सत्तर-ऐंशी वर्षांची माणसे भूमी, भांडवल आणि पदे धरून आहेत, तेथील तरुणांचे गाऱ्हाणे याहून फारसे वेगळे नाही.

अर्वाचीन युरोपात या विषयाचा आरंभ काहीशा हास्यास्पद रीतीने झाला. १ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्रमंडळापुढे ब्राऊन-सेकार या ख्यातनाम शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेऊन आपणास तारुण्य लाभल्याचे निवेदन केले. पाच वर्षांत तो वारला. मेचनिकॉफने विसाव्या शतकाच्या आरंभी वार्धक्यशास्त्राला नाव दिले आणि दह्याची महती गायिली; दह्याला प्रशस्तिपत्राची गरज नसलेल्या महाराष्ट्रात त्याचे कौतुक बेताचेच व्हावयाचे. आपल्याकडेही १९३८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तपसीबाबा नामक साधूच्या देखरेखीखाली प्रयागजवळ कुटीत राहून कायाकल्प केला आणि देशभरच्या वृत्तपत्रांत त्याचा गाजावाजा झाला. ते तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. कुटीमुळे त्यांची वर्षे वाढली की नाही हे एका मनुष्यावरून कोणासही सांगता येणार नाही, आणि अशा सर्व कथांतील मुख्य उणीव हीच आहे.

खरे शास्त्रीय पाऊल १९३५ मध्ये पडले. अमेरिकेत मॅके आणि क्रोवेल यांनी उंदरांना पोषक परंतु कमी आहार देऊन त्यांचे आयुष्य लांबते असे दाखविले. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी मनुष्याच्या शरीरातील सामान्य पेशी ठराविक वेळाच विभागतात हे सिद्ध केले. १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांनी एका सूक्ष्म कृमीतील एकाच जनुकात बदल असल्यास त्याचे आयुष्य दुप्पट होते हे दाखविले, तेव्हा जरा ही केवळ झीज नसून तिच्या गतीवर शरीराचेच नियंत्रण असावे, हा विचार बळावला. २००९ मध्ये रॅपामायसिन हे औषध उतारवयातील उंदरांना सुरू करूनही त्यांचे आयुष्य वाढले. हा प्रयोग तीन स्वतंत्र प्रयोगशाळांत एकाच वेळी झाला, म्हणून त्याचे वजन अधिक. महाराष्ट्रात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेत डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे रंगसूत्रद्रव्याचे कण इतर पेशींना इजा करतात आणि वार्धक्यास हातभार लावतात, असा सिद्धांत मांडून रेझ्व्हेराट्रॉल व तांबे यांच्या मिश्रणाचे उंदरांवर प्रयोग केले आहेत. हे कार्य लक्षणीय आहे. परंतु उंदरावरून मनुष्याकडे येणारी वाट लांब असते आणि त्या वाटेवर पुष्कळ औषधे हरवली आहेत. मनुष्याचे आयुष्य जरेची गती मंद करून वाढविते असे सिद्ध झालेले एकही औषध आजवर उपलब्ध नाही.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९५१ च्या सुमारास भारतातील जन्मकालीन सरासरी आयुर्मान सुमारे बत्तीस वर्षे होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. यावरून वार्धक्य लांबले असे अनेकांना वाटते. वस्तुतः बत्तिसाव्या वर्षी कोणी म्हातारे होत नव्हते. मुले दगावत होती, बाळंतिणी दगावत होत्या. मध्य प्रांताने १८९६ ते १९०० या काळातील दोन दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ पाहिली. हे मृत्यू सुश्रुताच्या भाषेत अकाळकृत होते आणि लस, स्वच्छ पाणी, धान्य व प्रतिजैविके यांनी ते हटविले. गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणिततज्ज्ञाने १८२५ मध्ये दाखविले की प्रौढ वयात मृत्यूचा संभव ठराविक गतीने दुपटीदुपटीने वाढतो. हा दुपटीचा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. सरासरी आयुर्मान दुप्पट झाले तरी ही चढण जवळजवळ तशीच राहिली. अधिक लोक म्हातारे झाले. म्हातारपण स्वतः जागचे हलले नाही. आजवर निर्विवाद नोंदलेले सर्वाधिक वय १२२ वर्षांचे, जान काल्मां या फ्रेंच स्त्रीचे, आणि ती १९९७ मध्ये वारल्यापासून तो आकडा ओलांडला गेलेला नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्यात या भेदाला व्यावहारिक अर्थ आहे. आठ तालुके, सुमारे तेरा लाखांची लोकसंख्या, भाताची शेती, जुने तलाव, आणि सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या भागांत दाट अरण्य व गोंड वस्ती असा हा जिल्हा आहे. कचारगडच्या गुहांत दरवर्षी माघ पौर्णिमेस गोंड समाज आपल्या पूर्वजांच्या उगमस्थानी जमतो. तेथे वृद्ध हे वंशाच्या स्मृतीचे वाहक असतात, रोगी नव्हेत. याच समाजात आणि पूर्व विदर्भातील इतर काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील या दोषाची नोंद नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. ज्यास आई आणि बाप या दोघांकडून हा दोष मिळाला त्याच्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि सांधे तरुणपणीच झिजू लागतात. जरेचा ‘जॄ’ धातू येथे विसाव्या वर्षीच आपला अर्थ प्रकट करतो.

तेव्हा वार्धक्य लांबविण्याच्या प्रश्नाची या भूमीवरील मांडणी पॅरिस वा कॅलिफोर्नियातील मांडणीहून भिन्न ठरते. तेथे ऐंशीचे शंभर कसे करावे हा प्रश्न आहे. येथे चाळिशीचे सत्तर कसे करावे हा. दुसरा प्रश्न सुटण्याजोगा आहे, इतकेच नव्हे तर अंशतः सुटलेला आहे. हायड्रॉक्सियुरिया ही रोज घ्यावयाची साधी गोळी सिकलसेलच्या वेदना आणि गुंतागुंती कमी करते व रुग्णाचे आयुष्य वाढविते. रसायनाची जी व्याख्या प्राचीनांनी केली तीत ती बसेल की नाही यावर वैयाकरण आणि वैद्य वाद घालू शकतील. तिचा वातातपिक प्रकार मात्र निश्चित आहे, कारण ती घेऊन मनुष्य दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत उतरतो.

गोंदियास २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला असून तिचे उद्दिष्ट २०४७ हे वर्ष धरून आखले आहे. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची रक्ततपासणी तीत अभिप्रेत आहे. तपासणीसाठी ठरविलेली वयोमर्यादा जन्मापासून चाळीस वर्षांपर्यंत आहे.